मोटारसायकल कधी सुरू होते, कधी होत नाही : दोष शोधावा कसा?

पूर्णपणे बंद पडलेल्या मोटारसायकलचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी लागते ती सकाळी विनातक्रार सुरू होणाऱ्या आणि दुपारी ऐन घाईत मौन धरणाऱ्या गाडीपाशी. गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी, तर तेथे ती पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर प्लग, नंतर रिले. खर्च वाढतो आणि दोष जागच्या जागी राहतो. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्या गोव्यातील पायलटसाठी तर असा दोष म्हणजे बुडालेले भाडे. म्हणूनच कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोणत्या परिस्थितीत प्रकटतो, हे निश्चित करणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न : इंजिन फिरते का?

सेल्फचे बटण दाबताना न्यूट्रलच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे. दिवा एकदम मंदावला किंवा विझला आणि ‘टकटक’ असा जलद आवाज आला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवा तसाच तेजस्वी राहिला आणि कसलाही आवाज आला नाही, तर बटणाचा संदेश रिलेपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी किल स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि न्यूट्रलचा स्विच हे चार संशयित होत. क्लच दाबून व स्टँड पूर्ण वर करून पुन्हा प्रयत्न केल्यास यांपैकी कोण दोषी, याचा अंदाज येतो. दिवा तेजस्वी असून एकच ‘टक्’ ऐकू येत असेल, तर रिलेचे आतील संपर्क किंवा स्टार्टर मोटारीचे झिजलेले कार्बन ब्रश तपासावेत. इंजिन व्यवस्थित फिरूनही पेट घेत नसेल, तर बॅटरीचा नाद सोडून ठिणगी आणि पेट्रोल यांकडे वळावे.

बॅटरीची परीक्षा तीन वेळा

साध्या मल्टिमीटरने बॅटरी तीन अवस्थांत मोजावी. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक दाब दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ मारताना दाब १० व्होल्टच्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना, किंचित रेस दिल्यावर, तो १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. पहिली दोन मापे कमी आणि तिसरेही कमी असेल, तर दोष चार्जिंगच्या यंत्रणेत आहे. नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

बॅटरीचा ऋण ध्रुव आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामधील दाब सेल्फ मारताना मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थिंगची तार गंजलेली किंवा सैल आहे. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत हा दोष वारंवार आढळतो. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ करून, जोडणी घट्ट आवळल्यावर पेट्रोलियम जेली लावावी. तार काढताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, हा क्रम मोडू नये.

उष्णता, ओल आणि वळणारी तार

गार असताना सुरू होणारी, तापल्यावर न होणारी आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा चालणारी गाडी बहुधा इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइलकडे बोट दाखवते. कॉइलच्या वेटोळ्यातील सूक्ष्म तडा उष्णतेने रुंदावतो, थंड होताच पुन्हा जुळतो. केवळ पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास होत असेल, तर प्लगची टोपी व तिची तार पाहावी. ओल्या, भेगाळलेल्या टोपीतून वीज बाहेरच निसटते. अंधारात इंजिन चालू ठेवल्यास ती निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते.

काही किलोमीटर धावल्यावर गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन पुन्हा सुरू होते, तेव्हा झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. त्यामुळे पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचले आहे का, तेही पाहावे.

हँडलच्या मानेजवळून जाणारी वायरिंग प्रत्येक वळणाला वाकते. वरचे आवरण शाबूत राहून आतील तार तुटलेली असू शकते. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, उघड्या जागी चालू ठेवून हँडल सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. इंजिन अडखळले किंवा दिवे लुकलुकले, तर चोर सापडला.

इंजेक्शनच्या गाड्यांबाबत

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. अशा गाडीची चावी फिरवताच पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणण्याचा आवाज यावा. तो कधी येतो आणि कधी येत नाही, असे असल्यास पंपाचा फ्यूज, रिले व जोडण्या पाहाव्यात. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर या गाड्यांत किक मारून उपयोग होत नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याचा जुना प्रयोग तर कटाक्षाने टाळावा. त्याने नियंत्रण संचच निकामी होऊ शकतो.

नोंद हेच हत्यार

गाडी सुरू न झाल्याची वेळ, इंजिन गार की तप्त, पाऊस होता का, स्टँड कसा होता, दिवा मंदावला का आणि आवाज कोणता आला, इतक्या सहा गोष्टी प्रत्येक वेळी मोबाइलवर टिपून ठेवाव्यात. चार-पाच नोंदींत दोषाची सवय उघड होते. मेकॅनिककडे गाडीबरोबर ही नोंदही द्यावी आणि एका वेळी एकच भाग बदलण्याचा आग्रह धरावा. दोन भाग एकत्र बदलले, तर कोणत्या भागाने गुण आला हे कळत नाही आणि तोच दोष परतल्यास शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.