कॉन्टेसाचं मूळ इंजिन कोणतं?

कॉन्टेसाला भारतीय ‘मसल कार’ म्हणायची पद्धत आहे. शरीर इंग्लंडात बंद पडलेल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सचं. हिंदुस्तान मोटर्सने 1984 मध्ये त्यात ॲम्बेसिडरचं 1489 सीसी इंजिन बसवलं. ताकद जेमतेम 50 अश्वशक्ती! पुढे कारखान्यानेच इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिन घातलं, नंतर इसुझूचंच डिझेल.

2002 मध्ये उत्पादन थांबलं. आता बुश किंवा इंजिनाचा माउंट हवा, तर बेंगळुरूत जालहळ्ळीच्या एचएमटीलगत वाढलेल्या पीण्यासारख्या वसाहतीत लेथवर घडवून घ्यायचा. तोच लेथ जुनं इंजिन जगवतो, परक्यालाही जागा करून देतो.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. पहिल्या कॉन्टेसा 2034 नंतर त्यात बसतील. तेव्हा मूळ कोणतं? आम्ही अनुवादक लेखकाने स्वतः सुधारलेली आवृत्ती प्रमाण धरतो. पण 1984 च्या गाडीत आज इसुझू घालणारा लेखक नव्हे. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात देखण्या गाडीला कसलं इंजिन मिळे, हे ती चढावर धापा टाकतच सांगते. तिचं तसंच राहू द्यावं. इसुझूसह जन्मलेलीचं इसुझू.