फेअरचाइल्डचे ‘चॅनेल एफ’ : एका अपयशी खेळयंत्राच्या श्रेयाचा प्रश्न

व्हिडिओ खेळांच्या यंत्रांचा इतिहास आजवर बहुतांशी खपाच्या आकड्यांवरून लिहिला गेला आहे. ज्याचा खप मोठा त्याला स्वतंत्र प्रकरण आणि ज्याचा लहान त्याला तळटीप, अशी ही मांडणी होय. तदनुसार अटारी कंपनीने १९७७ च्या सप्टेंबरात विक्रीस आणलेल्या ‘व्हिडिओ कॉम्प्यूटर सिस्टिम’ या यंत्रास प्रकरण मिळते. त्याच्या सुमारे तीन कोटी प्रती खपल्या. त्याच्या आधी दहा महिने, नोव्हेंबर १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड या अर्धवाहक बनविणाऱ्या कंपनीने असेच एक यंत्र १६९.९५ डॉलर किमतीस बाजारात आणले होते. त्याचा एकूण खप साडेतीन लाखांच्या आसपास मानला जातो. हे यंत्र तळटिपेत गेले, आणि अलीकडे तेथून बाहेर निघाले ते एका निराळ्याच गैरसमजासह. त्या गैरसमजाची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९७२ सालच्या मॅग्नाव्हॉक्सच्या ‘ओडिसी’ यंत्रासही बदलता येणारी पत्रे होती. परंतु त्या पत्रांत आज्ञावली नव्हती. यंत्रात आधीच असलेल्या मंडलांची जोडणी तेवढी त्यांनी बदले. त्यानंतर आलेली ‘पाँग’ धर्तीची घरगुती यंत्रे तर जन्मतःच एकदोन खेळांना जखडलेली असत. फेअरचाइल्डच्या यंत्रात टेनिस आणि हॉकी हे दोन खेळ अंगचे होते. बाकीचे पिवळ्या रंगाच्या, १९.९५ डॉलरला मिळणाऱ्या पेट्यांतून येत. या पेटीतील चकतीवर खेळाची आज्ञावली कायमची कोरलेली असे आणि यंत्रातील ‘एफ ८’ मायक्रोप्रोसेसर ती वाचून अंमलात आणी. खेळ आणि यंत्र या दोन वस्तू वेगळ्या झाल्या. पुढील वीस वर्षांचा घरगुती खेळांचा व्यापार या विलगतेवर उभा राहिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मग हे यंत्र पडले का? अटारीच्या यंत्राचे नाव व्ही.सी.एस., तर फेअरचाइल्डच्याचे व्ही.ई.एस.; हा नामसाधर्म्याचा घोटाळा टाळण्यासाठी फेअरचाइल्डने आपल्या यंत्राचे ‘चॅनेल एफ’ असे पुन्हा बारसे केले. परंतु नाव बदलून भागण्यासारखे नव्हते. चॅनेल एफ पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत जागा राखून ठेवी. १२८ गुणिले ६४ ठिपके, प्रत्येकी दोन बिट, म्हणजे दोन किलोबाइट. वस्तू हलवावयाची म्हणजे मंदगती प्रोसेसरने जुने ठिपके पुसून नवे काढावयाचे. याउलट अटारीच्या यंत्रात चित्रासाठी अशी स्मृतीच नव्हती. एकूण १२८ बाइटांच्या तुटपुंज्या भांडवलावर ते दूरचित्रवाणीची एकेक ओळ ऐन वेळी रचून पाठवी. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही शिक्षाच. पण हलत्या वस्तूंचे खेळ त्यावर चपळ होत. १९८० मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ परवान्याने घरात आले ते अटारीवर. फेअरचाइल्डच्या पेट्यांत पत्त्यांचे डाव, फुली-गोळा आणि अंकगणिताच्या परीक्षा यांचा भरणा होता. कंपनीचे मुळातले लक्षही सुट्या चकत्या विकण्याकडे असावे, असे मला वाटते. १९७९ मध्ये तिने हा व्यवसाय झिरकॉन या कंपनीकडे सोपविला आणि आपण मोकळी झाली.

आता श्रेयाकडे वळू. गेल्या काही वर्षांत या यंत्राचे नाव घेतले जाते ते जेराल्ड (जेरी) लॉसन यांच्या नावासह. लॉसन हे न्यूयॉर्क शहरात १९४० मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय अभियंते. त्या काळच्या सिलिकॉन खोऱ्यात अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दीर्घकाळ त्यांची कोणी दखल घेतली नाही. मार्च २०११ मध्ये खेळ-निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा गौरव केला आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर मात्र ‘कार्ट्रिजचे जनक’ हे बिरुद त्यांच्या नावामागे कायमचे लागले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद सांगावयास नको. या प्रकरणातही अस्सल कागद उपलब्ध आहेत. कनेटिकट राज्यात अल्पेक्स ही एक लहान कंपनी होती. दुकानांतील गल्ल्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रे हा तिचा मूळ व्यवसाय. तेथील वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांनी इंटेलच्या ८०८० प्रोसेसरवर खेळयंत्राचा एक नमुना बांधला. खेळाची आज्ञावली बदलता यावी ही कल्पना त्या नमुन्यातच होती. फेअरचाइल्डने तो पारखण्यास लॉसन यांस पाठविले व पुढे त्याचे हक्क घेतले. चित्रनियंत्रणाच्या पद्धतीचे १९७७ चे पेटंट किर्शनर व हॅस्केल यांच्या नावे आहे. पेटीच्या रचनेचे पेटंट फेअरचाइल्डमधील रोनाल्ड स्मिथ आणि निक टॅलेसफोर यांच्या नावे आहे. या दोहोंवर लॉसन यांचे नाव नाही.

यावरून लॉसन यांचे श्रेय लटके ठरवावयाचे काय? मुळीच नाही. बखर त्याज्य नसते. ती ताडून घ्यावयाची असते. प्रयोगशाळेतील नमुना आणि घरातील वस्तू यांच्यामधील अंतर लॉसन यांच्या देखरेखीखाली कापले गेले. प्रोसेसर ८०८० ऐवजी एफ ८ झाला. अर्धवाहक चकती सामान्य माणसाने, प्रसंगी लहान मुलाने, हजारो वेळा खुपसावी नि उपसावी, आणि तरी अंगातील स्थिर विद्युतेने ती जळू नये, हा प्रश्न तोवर घरगुती वस्तूंच्या बाबतीत कोणी सोडविलेलाच नव्हता. त्यात दळणवळण आयोगाचे रेडिओ-व्यत्ययासंबंधीचे नियम कडक. २००९ च्या एका मुलाखतीत लॉसन यांनी सांगितले आहे की, प्रत्येक नवी पेटी आयोगाकडे तपासणीस धाडावी लागे. तेहतीस वर्षांनंतरची ही आठवण असली तरी तीत अविश्वसनीय असे काही नाही. पेटंटाची भाषा ‘कल्पना कोणाची’ एवढेच विचारते. ‘ती चालती कोणी केली’ हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे. तेव्हा ‘जनक’ हा शब्दच येथे गैरलागू आहे. चार-पाच जणांच्या कामाला एकच बाप शोधण्याच्या हौसेपायी पूर्वी सर्वांचा विसर पडला होता, आता किर्शनर-हॅस्केल यांचा पडतो आहे.

या दोघांचा पुरावा टिकला त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. अल्पेक्सने १९८६ मध्ये निन्टेन्डोवर दावा लावला. १९९४ मध्ये ज्यूरीने अल्पेक्सला सुमारे २५ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटभंगाचा निष्कर्ष फिरविला. निन्टेन्डोचे यंत्र प्रत्येक ठिपका स्मृतीत न ठेवता तयार तुकड्यांतून ओळ रचते, सबब ती पद्धती वेगळी, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे ज्या ठिपक्यागणिक स्मृतीने बाजारात चॅनेल एफचे पाय जड केले, तिनेच वीस वर्षांनी न्यायालयात अल्पेक्सचा दावा बुडविला. परंतु त्या भांडणापायी यंत्राच्या अंतर्रचनेचे तपशीलवार वर्णन न्यायालयाच्या दप्तरात दाखल होऊन राहिले. अटारीच्या यंत्राबरोबर स्पर्धेत उतरलेल्या आर.सी.ए.च्या ‘स्टुडिओ २’ या कृष्णधवल यंत्राच्या वाट्यास असे भांडण आले नाही. १९७७ च्या जानेवारीत ते आले आणि १९७८ मध्ये बंद झाले. त्याच्यासाठी जॉइस वाइसबेकर या तरुणीने १९७६ पासून लिहिलेल्या खेळांकडे अभ्यासकांचे लक्ष जाण्यास पुढे कित्येक दशके लागली.