नको असलेला उजेड

शाळेत कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड आपण बहुतेकांनी पाहिलेली असते. जाड काळ्या कडेचे गोल काहीतरी दिसले की मुले ‘पेशी दिसली!’ म्हणून ओरडतात आणि बाई शांतपणे सांगतात, ‘तो हवेचा बुडबुडा आहे.’ सूक्ष्मदर्शकाचा इतिहास चाळताना मला हा संवाद पुन:पुन्हा आठवतो. जे दिसते ते वस्तूचे की यंत्राचे, या प्रश्नाभोवतीच तो सारा इतिहास फिरतो.

१८९३ साली जर्मनीत ऑगस्ट कोलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेत होता. त्या काळी दिव्याचा उजेड थेट नमुन्यावर एकवटत. त्यामुळे नमुन्याबरोबर दिव्याचेही चित्र उमटे आणि छायाचित्र कुठे लख्ख, कुठे काळवंडलेले येई. कोलरने दिव्याची प्रतिमा नमुन्यावर पडणार नाही, पण उजेड मात्र सगळीकडे सारखा पसरेल अशी भिंगांची रचना केली. ती आजही वापरात आहे.

पुढे झाइस कंपनीत गेल्यावर १९०४ साली त्याने अतिनील किरणांचा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. या किरणांनी अधिक बारीक तपशील दिसावा, हा हेतू. साधी काच हे किरण अडवते, म्हणून भिंगे क्वार्ट्झची. पण नवेच विघ्न आले. काही नमुने स्वत:च चमकू लागले! ही प्रतिदीप्ती. आखूड लहरींचा प्रकाश शोषून लांब लहरींचा प्रकाश बाहेर टाकण्याचा हा गुण जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये उलगडून दाखवला होता. क्विनाइनचे द्रावण उन्हात निळसर चमकते, ते यामुळेच.

कोलरला ही चमक अडचणीची होती. पण १९११च्या सुमारास व्हिएन्नात ऑस्कर हाइमस्टेट याने नेमकी तीच पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक बनवला. काल जे विघ्न होते, तेच साधन झाले.

मात्र ही चमक फार क्षीण. भर उन्हात काजवा शोधावा, तशी गत. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून जीवाणू हुडकले, तेव्हा रंगाची चमक निळी आणि ऊतींची स्वत:ची चमकही निळसर! शेवटी त्यांनी हिरवा चमकणारा फ्लुओरेसीन निवडला. १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या योहान प्लोम यांनी एका रंगाला परतवणारा आणि दुसऱ्याला वाट देणारा आरसा वापरून दिव्याचा उजेड आणि नमुन्याची चमक सहज वेगळी करून दाखवली.

हीच सारी रचना आज उंदराच्या डोक्यावर बसते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अवघ्या १.९ ग्रॅमचा असा सूक्ष्मदर्शक जाहीर केला. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने सुमारे तीन ग्रॅमच्या यंत्राचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आणि अनेक प्रयोगशाळा ते स्वत: जुळवू लागल्या. निळा एलईडी, फिल्टर, तो आरसा, इवलीशी भिंगे आणि कॅमेऱ्याची चिप, एवढाच संसार. मेंदूतल्या पेशींमध्ये मूळच्या जेलीफिशच्या प्रथिनापासून घडवलेले प्रथिन असते. पेशी कार्यरत झाली की ते उजळते.

हाताने जुळवलेल्या यंत्रात जुनी विघ्ने नव्याने भेटतात. सगळे चित्र राखाडी, धूसर आले, तर नमुना काढून पाहायचे. उजेड तरीही तेवढाच राहिला, तर निळा प्रकाश आतच गळतो आहे. एखादा फिल्टर उलटा बसला असेल. डाग दिसला, तर भिंग हळूच फिरवायचे. डाग सोबत फिरला तर धूळ त्या भिंगावर. जागचा हलला नाही, तर चिपवर किंवा दुसऱ्या एखाद्या काचेवर. चित्र मध्येच तुटले, तर बारीक तारेचा जोड सैल असू शकतो. पेशी तासाभरात मंदावल्या, तर उजेड जास्त होऊन त्यांचा रंग विटतो आहे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य.

हे केवळ कारागिरीचे प्रश्न नाहीत. २०१६ साली अशाच यंत्राने उंदरांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही तासांच्या अंतराने पाहिलेल्या दोन जागांच्या आठवणींत मेंदूच्या सामाईक पेशी अधिक आढळल्या. अंतर आठवड्याचे असता कमी. आता विचार करा, दोन पाहण्यांमध्ये भिंग किंचित सरकले असते, तर तीच पेशी वेगळी म्हणून मोजली गेली असती. म्हणून दर वेळी चित्रे जुळवून, तपासून घ्यावी लागतात. नाहीतर स्मृतीविषयीचा निष्कर्ष आणि ढिला स्क्रू यांत फरक उरणार नाही.

तयार, बंद डब्यातले यंत्र सोयीचे खरेच. पण ज्याने फिल्टर स्वत: बसवला, त्याला उजेड कुठून शिरतो आणि कुठे गळतो, हे ठाऊक असते. पडद्यावर काही चमकले, की शोध लागला असे म्हणण्याआधी तो दिव्याकडे एकदा संशयाने पाहतो. कोलरनेही तेच केले होते.