बोटीच्या माथ्यावरचा पांढरा डबा

रडार दुसऱ्या महायुद्धात जन्मले असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. युद्धाने त्याला पैसा पुरवला आणि घाई लावली. जन्म मात्र नदीकाठी, जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी झाला. मे १९०४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात ख्रिस्तियान ह्युल्समायर नावाच्या २२ वर्षांच्या तरुणाने राइन नदीवर आपले ‘टेलिमोबिलोस्कोप’ लोकांसमोर मांडले. ठिणगीतून निघालेल्या रेडिओलहरी येणाऱ्या जहाजाच्या लोखंडावर आदळून परतल्या की घंटा वाजे. जहाज पुढे गेले की ती गप्प होई. पुढच्याच महिन्यात हॉलंडमध्ये त्याने हे यंत्र बोटीवर चढवून जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींना दाखवले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, कौतुक झाले, आणि यंत्र कोणीही घेतले नाही. अंतर थेट मोजता येत नाही ही त्यातली खोट होतीच. ह्युल्समायरने शेवटी दुसरा धंदा धरला.

तीस वर्षांनी ब्रिटनने हीच कल्पना विमाने हेरण्यासाठी उचलली, तेव्हा लहरी होत्या दहा-बारा मीटर लांबीच्या आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावर उभारलेले पोलादी मनोरे शंभर मीटरहून उंच. असले काही बोटीवर बसवण्याची गोष्टच नको. लहर जितकी लांब तितकी अँटेना मोठी, हा निसर्गाचा हिशेब आहे. त्यात घासाघीस चालत नाही. म्हणून छोट्या बोटीवरच्या रडारची खरी सुरुवात मी फेब्रुवारी १९४० पासून धरतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरून बनवलेल्या मॅग्नेट्रॉनने सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या जोरदार लहरी सोडल्या. (याहूनही आखूड लहरी जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९० च्या दशकातच निर्माण केल्या होत्या, नळीतून वाहून नेल्या होत्या. पण त्यांत जोर नव्हता.)

सुमारे वर्षभराने, मार्च १९४१ मध्ये, ‘ऑर्किस’ या लहानशा ब्रिटिश युद्धनौकेवर या लहरींचे रडार चढले. अँटेनाला पाणीवारा लागू नये म्हणून तिच्याभोवती पर्स्पेक्सच्या तावदानांचे गोल कवच होते. खलाशी त्याला कंदील म्हणत. आज मोटरबोटीच्या कमानीवर दिसणारा पांढरा डबा त्या कंदिलाचा थेट वंशज. फरक इतकाच की त्या वेळी अँटेना खालून चाक हाताने फिरवून वळवावी लागे.

युद्धातच लहर आणखी आखूड झाली, तीन सेंटिमीटरच्या आसपास आली, आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे घराघरांत पोचलेले डेक्का हे नाव १९५० च्या सुमारास व्यापारी जहाजांच्या रडारवर झळकू लागले. रडार आले म्हणजे टकरी संपल्या, अशी समजूत पसरली. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या प्रवासी बोटींनी एकमेकांना रडारवर वेळेत पाहिले, तरीही त्या धडकल्या. ५१ माणसे गेली. पडद्यावरच्या ठिपक्याची चाल कागदावर मांडून पाहण्याचे कष्ट ‘आंद्रेआ दोरिया’वर कोणी घेतले नव्हते. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हणूनच दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: रडार असेल तर ते नीट वापरलेच पाहिजे, आणि त्याच्या तुटपुंज्या माहितीवरून तर्क बांधू नयेत.

मोटरबोटीसाठी रडार निवडताना हा सगळा वारसा समोर उभा राहतो. विक्रेता सांगतो ३६ मैल, ४८ मैल. ते आकडे डोंगरांसाठी आणि ढगांसाठी. रडारची लहर क्षितिजापलीकडे फारशी वाकत नाही. पाण्यापासून चार मीटरवर बसवलेल्या अँटेनाला समुद्राचा पृष्ठभाग साधारण साडेचार सागरी मैलांपर्यंतच दिसतो. विचारायचे ते अँटेनाच्या रुंदीबद्दल. १८ इंची डब्याचा झोत जवळपास पाच अंश रुंद असतो. म्हणजे एक सागरी मैलावर शेजारी शेजारी चाललेल्या, दीडशे मीटर अंतर असलेल्या दोन होड्या पडद्यावर एकच ठिपका होतात. चार फुटी उघड्या अँटेनाचा झोत दोन अंशांच्या आसपास, त्यामुळे तिला त्या दोन दिसतात. पण ती जड, आणि लहान बोटीच्या माथ्यावर जास्त वजन नको. माझे मत विचाराल तर कमान पेलत असेल तर १८ ऐवजी २४ इंची डबा घ्यावा. गेल्या पंधरा वर्षांत मॅग्नेट्रॉन मागे पडून कमी शक्तीवर चालणारी घनावस्था (सॉलिड-स्टेट) रडारे आली. ती तापण्याची वाट पाहायला लावत नाहीत आणि बोटीजवळचेही चांगले दाखवतात. मात्र रुंदीचा हिशेब त्यांनाही चुकलेला नाही.

बसवताना उंचीचा मोह होतो. उंच बसवले तर लांबचे दिसते, पण झोत वर-खाली साधारण २५ अंशच असल्याने बोटीलगतचा आंधळा पट्टा वाढतो, आणि मोटरबोटीला धोका जवळच्याच होडीचा, ओंडक्याचा. त्यातून वेगात बोट नाळ (पुढचे टोक) उचलते आणि झोत समोरच्या पाण्यावरून आभाळाकडे जातो. म्हणून नेहमीच्या वेगाला बोट जितकी मागे कलते, तितक्या उताराची पाचर डब्याखाली बसवून तो पुढे झुकवावा. झोत माणसांच्या डोक्यावरून जावा, समोर डोलकाठी येऊ नये, जीपीएसची अँटेना झोतात नसावी, होकायंत्र दूर असावे. शेवटी दूरच्या एखाद्या बोयाकडे नाळ धरून पडद्यावरची रेघ त्याच्यावर आणावी. हे काम बसवणारे अनेकदा टाळतात.

आपल्या किनाऱ्यावर दाट धुके कमी आणि पाऊस फार. तीन सेंटिमीटरच्या लहरी पावसाच्या थेंबांवरूनही परततात, तेव्हा मुसळधार सरीत पडदा भरून जातो आणि सरीतली होडी हरवते. शिवाय कोकणातल्या मासेमारी होड्या लाकडाच्या नाहीतर फायबरच्या. लहर त्यांच्यावरून जेमतेम परतते. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार उभी राहिली, तरी लहान होडी ओळखण्याची अडचण तिथेही राहतेच. म्हणून ज्या नाखव्याला रडार परवडत नाही, त्याने निदान डोलकाठीवर धातूच्या पत्र्यांचा परावर्तक टांगावा. तो स्वस्त आहे, वीज मागत नाही, आणि दुसऱ्याच्या रडारवर आपली होडी उमटवतो.