नाताळबाजाराची कुळकथा

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट कानांत घेऊन आम्ही जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील एर्त्सगेबिर्ग या खाणींच्या डोंगराळ मुलुखात बिऱ्हाड थाटले. डिसेंबरच्या आरंभी गावच्या चर्चच्या पटांगणात लाकडी दुकाने उभी राहून त्यांवर दिवे लागले, तेव्हा या बाजाराचे मूळ कोठले, ही जिज्ञासा मनाला लागून राहिली. आमच्या तालुक्यातील वज्रेश्वरीची चैत्रातील जत्रा देवीच्या स्थानाभोवती भरते, व त्या देवालयाशी वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी केलेला नवस निगडित आहे. नाताळच्या बाजाराचा जन्म मात्र नवसातून झाला नाही. तो झाला स्वयंपाकघराच्या निकडीतून आणि राजाच्या परवान्यातून.

नाताळपूर्वीचे आठवडे मध्ययुगात उपवासाचे असत. मांस वर्ज्य, लोणीही वर्ज्य. उपवास सुटण्याच्या दिवशी घरोघरी मांस हवे, म्हणून सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तेथील राज्यकर्ता, फ्रेडरिक दुसरा याने १४३४ मध्ये ड्रेस्डेन शहरास नाताळच्या आदल्या दिवशी एक दिवसाचा बाजार भरविण्याची मुभा दिली. आपल्याकडे नवी पेठ वसविताना कौल देऊन काही वर्षे जकात माफ करीत व शेटे-महाजन नेमीत, त्याच जातीचा हा राजव्यवहार. लोण्याची कथा तर अधिक रंजक आहे. तेलात मळलेली नाताळची पाव-मिठाई, श्टोलन, बेचव लागे. अखेर १४९१ मध्ये पोप आठवा इनोसंट याने लोणी वापरण्यास अनुज्ञा दिली, पण तीही प्रायश्चित्ताचे द्रव्य भरण्याच्या अटीवर. पुढे मार्टिन ल्यूथरच्या प्रभावाने मुलांना भेटी देण्याची रीत संत निकोलसच्या दिवसावरून, म्हणजे ६ डिसेंबरवरून, नाताळकडे सरकली, आणि मांसाच्या बाजारात खेळण्यांना स्थान मिळाले.

ही खेळणी आली कोठून, हे सांगताना लेखणी रेंगाळते. येथील फ्रायबेर्ग गावी ११६८ च्या सुमारास रुपे सापडले आणि सारा मुलूख खाणींवर जगू लागला. पुढे धातू आटत चालला, तशी झायफेन येथील कथिलाच्या खाणींतल्या कुटुंबांनी जवळच्या अरण्यातील लाकडाकडे हात वळविले. कातारी ओल्या स्प्रूस लाकडाची चकती पाण्याच्या बळावर फिरणाऱ्या लेथवर चढवितो व तिच्या कडेला खाचा पाडीत जातो. त्या खाचांचा अर्थ बघणाऱ्यास लागत नाही. परंतु कडे तयार झाल्यावर त्याचे पोळीच्या तुकड्यांसारखे काप काढले की प्रत्येक कापाच्या छेदात घोडा किंवा गाय प्रकट होते. न दिसणारी आकृती केवळ हाताच्या जाणिवेने घडविण्याचे हे कौशल्य पाहून मी स्तिमित झालो. मग बायका-मुले कान, शेपूट, शिंगे जोडीत व रंग देत. एका कड्यातून कळपच्या कळप निघे, म्हणून किंमत कमी.

भिवंडीकराला हे परके वाटू नये. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर उपजीविकेचा आधार ढळल्यावर दक्षिणेकडे आले आणि आमच्या गावी त्यांनी माग मांडले. त्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले. खाणकामगार येथेच राहिले, विणकर शेकडो कोस चालले, एवढाच काय तो भेद. झायफेनच्या व्यवसायशाळेत लाकडी खेळणी घडविण्याचे शिक्षण आजही दिले जाते, आणि आमच्या येथील गावच्या नाताळबाजारातील एका दुकानी तो कापांचा कळप अद्याप विकावयास असतो.