खोली भाड्याची, जबाबदारी स्वतःची

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचे केंद्र आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून शिकायला आलेल्या सर्वांनाच वसतिगृहात जागा मिळते असे नाही. मग बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, उस्मानपुरा, समर्थनगर, सिडको-हडको अशा वसाहतींत तिघे-चौघे मिळून खोली करतात आणि मेसचा डबा लावतात.

वसतिगृहात वॉर्डन असतो, खोलीवर नसतो. त्यामुळे वाढदिवस, परीक्षेचा शेवटचा पेपर, एकतीस डिसेंबर अशी निमित्ते खोलीवरच साजरी होतात. मित्रांसह आनंद साजरा करण्यात गैर काही नाही. मात्र त्या रात्री काही विपरीत घडले, तर प्रथम विचारणा होते ती खोली ज्याच्या नावावर आहे त्याची. म्हणूनच खोली घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पुढील नियमांची ओळख असणे आवश्यक आहे.

करारनामा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला देण्याबाबत पोलीस आयुक्तालयाचे आदेशही वेळोवेळी निघतात. करारात पाहुण्यांचा मुक्काम, गच्चीचा वापर, वाहनतळ यांविषयी अटी असतात. त्या वाचूनच सही करावी. तोंडी व्यवहारात वाद उद्भवल्यास विद्यार्थ्याची बाजू सिद्ध करणे कठीण जाते.

आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर असे क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. घाटी रुग्णालय किंवा महाविद्यालयाजवळ खोली असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

‘आमच्या घरात आम्ही काहीही वाजवू’ हा युक्तिवाद टिकत नाही. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर परिसराच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असे नियमांत स्पष्ट म्हटले आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला मिळणारी सूट सभागृहासारख्या बंदिस्त जागांसाठी आहे. गच्ची किंवा अंगण तिच्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे निर्बंध अधोरेखित केले. शेजाऱ्याने ११२ क्रमांकावर तक्रार केल्यास पोलीस दारात येऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाबद्दल एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मद्य : वय आणि परवाना

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य विकत घेण्यास, बाळगण्यास आणि पिण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, याची अनेकांना कल्पनाच नसते. सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. म्हणजे पदवीचे शिक्षण घेणारा बहुसंख्य विद्यार्थी कायद्याने मद्यपानास पात्रच नसतो. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो म्हणून मद्याचाही मिळतो, हा समज चुकीचा आहे.

वर्गणीबाबतही सावध राहावे. खोली किंवा फ्लॅटवर प्रवेशशुल्क घेऊन, नफ्यासाठी पिण्याची सोय केल्यास ती जागा कायद्याच्या भाषेत ‘सार्वजनिक मद्यपानगृह’ ठरू शकते. अशा वेळी चालवणाऱ्याबरोबर तेथे मद्यपान करताना आढळणाराही दोषी ठरतो. नशेत सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणे हा वेगळा गुन्हा आहे.

सर्वांत गंभीर तरतूद अल्पवयीनांविषयी आहे. अकरावी-बारावीचे आणि प्रवेश परीक्षांच्या शिकवणीसाठी आलेले विद्यार्थी अनेकदा मोठ्यांसोबतच राहतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘त्यानेच मागितले’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही.

अमली पदार्थ, हुक्का आणि रॅगिंग

अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम २५ नुसार आपली खोली अशा पदार्थांसाठी वापरली जात आहे हे माहीत असूनही ती वापरू देणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो, मग त्याने सेवन केलेले असो वा नसो. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे, तर ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

नवागतांच्या स्वागताची पार्टी ही आणखी एक नाजूक बाब. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा शिक्षणसंस्थेच्या आत तसेच बाहेरही लागू होतो. भाड्याच्या खोलीत कनिष्ठ विद्यार्थ्याला जबरदस्तीने पाजणे किंवा नाचवणे याला गंमत म्हणून सोडून दिले जात नाही. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेशास बंदी अशी शिक्षा आहे.

परतीचा रस्ता

रात्री उशिरा जालना रोडवर किंवा म्हैसमाळ, खुलताबादहून परतताना दुचाकीवर तिघे बसणे हा नित्याचा प्रकार. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या मागे एकाहून अधिक व्यक्तीस परवानगी नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याने मद्य घेतले आहे त्याची किल्ली काढून घेणे आणि त्याला रात्री खोलीवरच ठेवणे हे मित्राचे कर्तव्य ठरते.

कुणी बेशुद्ध पडल्यास ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणणे जिवावर बेतू शकते. अशा व्यक्तीला उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि श्वास मंद किंवा अनियमित वाटल्यास तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. काय आणि किती घेतले होते ते डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने घालवलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

एका रात्रीची किंमत

या शहरातील अनेक खोल्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी चालते. गावी शेती, घरी बेताची मिळकत आणि सरकारी नोकरीवर कुटुंबाची आशा अशी परिस्थिती असते. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या अर्जात अटक, दाखल गुन्हे व खटले यांची माहिती द्यावी लागते. अवतार सिंग प्रकरणातील २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही माहिती सत्य असली पाहिजे. तरुण वयातील अगदी किरकोळ प्रकरणाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, परंतु माहिती दडवणे हे नियुक्ती रद्द होण्याचे कारण ठरू शकते. दंड भरून प्रकरण मिटले तरी अर्जातील तो रकाना कायम राहतो.

यासाठी फार काही करावे लागत नाही. घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, पाहुण्यांची संख्या खोलीच्या मानाने ठेवावी, दहाच्या ठोक्याला संगीत बंद करावे, अल्पवयीनांना मद्यापासून दूर ठेवावे आणि शेजाऱ्याने दार ठोठावल्यास वाद न घालता आवाज कमी करावा. प्रत्येक बेतात किमान एकाने पूर्ण शुद्धीत राहण्याची जबाबदारी घ्यावी. परगावच्या मुलांना खोली देणारे घरमालक या शहरात आहेत, म्हणून हजारोंचे शिक्षण सुरू आहे. एका खोलीतील गोंधळामुळे तो विश्वास उडाला, तर पुढच्या वर्षी गावाहून येणाऱ्या मुलाला त्याच गल्लीत ‘विद्यार्थ्यांना खोली मिळणार नाही’ अशी पाटी वाचावी लागते.