भूत नको, नोंद हवी

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला शाळकरी मुलांची झुंबड उडते. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला मुले येतात. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या रेडिओ लहरी या दुर्बिणीने पकडल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. इतका जुना काळ टिपता येतो, कारण तो टिपण्यासाठी कोणीतरी पैसा आणि बुद्धी लावली. मग आमच्या आजा-पणज्यांचा काळ कोणी टिपला?

स्मृती आणि वियोग यांवर हल्ली लघुपट पुष्कळ निघतात. ओसाड वाडा, जुनी पेटी, भूतकाळाने पछाडलेला नायक. मराठीत 'भूत' म्हणजे गेलेला काळ आणि 'भूत' म्हणजे पिशाच्चही. पण गतकाळ मानगुटीवर बसायला आधी तो शिल्लक असावा लागतो. ज्यांचे वाडे होते त्यांचा तो राहिला. गावकुसाबाहेरच्या आमच्या माणसांचा बहुतेकांना फोटोसुद्धा नाही. आमचा प्रश्न पछाडले जाण्याचा नाही, पुसले जाण्याचा आहे.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1956 मध्ये नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे. म्हणजे मेलेल्यांना विसरा असे नव्हे. त्यांना भूत करू नका, इतिहास करा, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

हे काम दोनच महिन्यांत एका माणसाने करून दाखवले. 6 डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आणले गेले. 7 डिसेंबरला राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत जनसागर लोटला. दलित समाजातले लेखक आणि चित्रपट निर्माते नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून ती अंत्ययात्रा कॅमेऱ्यात टिपली. समाज रडत होता तेव्हा व्हटकर कॅमेरा सांभाळत होते. स्मृती आणि वियोग यांवरची आमची पहिली फिल्म कोणती, असे विचारले तर आम्ही हीच सांगू.

आज दर 6 डिसेंबरला ती कृष्णधवल दृश्ये मोबाईलवर फिरतात. खाली करुण गाणे असते, वर निळा मजकूर असतो. व्हटकरांचे नाव मात्र कुठेच नसते! काही मित्र म्हणतात, आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, काळजी कशाला? आमचे म्हणणे असे, की नाव, गाव, तारीख नसलेली क्लिप म्हणजे नोंद नव्हे. ती उद्या कोणीही कशालाही चिकटवील.

खोडदच्या पश्चिमेला, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींच्या दानाची नोंद आहे. लेण्याद्रीच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. तरीही ही लेणी बौद्धांची, हे कोणाला नाकारता येत नाही, कारण आपल्या माणसांनी दगडावर लिहून ठेवले.

सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाव आणि चैत्यभूमीवर माहितीपट केले ते याच वाटेवर. आपल्याला लगेच माहितीपट जमणार नाही. पण वस्तीतल्या आजीला समोर बसवून तिने दीक्षा कधी, कुठे घेतली, पाणवठा कधी खुला झाला, हे विचारता येईल. सुरुवातीला तिचे नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून घ्या. शेवटी चित्रीकरण करणाऱ्याचे नाव घाला. आजी थांबणार नाही. हा रविवार दवडू नका.

जयभीम!